वैकल्पिक द्वंद्व की इतरेतर?

गेल्या वर्षी आमच्या कार्यालयात एक दिवसाचे प्रशिक्षण झाले. सकाळचा उपमा संपल्यावर प्रत्येकाच्या हाती स्वभावाचा प्रकार सांगणारी एक प्रश्नावली आली. तिच्यातले प्रत्येक वाक्य दोन पर्यायांवर येऊन थांबत होते आणि त्यांपैकी एकावर खूण करणे भाग होते. जेवणाच्या सुट्टीपर्यंत निकाल लागले आणि मला ‘आयएनटीजे’ अशी चार अक्षरे मिळाली. दुपारच्या चहाला लोक एकमेकांना गोत्र विचारावे तशी अक्षरे विचारत होते. सहा-सात महिन्यांनी, एका रविवारी घरी निवांत बसून मी तीच प्रश्नावली पुन्हा भरली, तेव्हा तिसरे अक्षर बदललेले निघाले. ‘टी’च्या जागी ‘एफ’ आले होते, म्हणजे कार्यालयात मी विचारप्रधान होते आणि घरी भावनाप्रधान. जुना अहवाल काढून पाहिला, तर त्या तिसऱ्या जोडीची पट्टी मधल्या रेघेच्या जेमतेम पलीकडे पोचलेली होती. दोन-तीन खुणा इकडच्या तिकडे झाल्या असत्या, तर त्या दुपारी माझे गोत्र वेगळे ठरले असते.

ही चार अक्षरे चार जोड्यांतून येतात. मनाचा ओढा बाहेर की आत, माहिती घेताना भर संवेदनेवर की अंतःप्रज्ञेवर, निर्णय करताना विचार की भावना, आणि चौथी जोडी ठरवून वागण्याची किंवा ऐनवेळी ठरवण्याची. प्रत्येक जोडीतून एक निवडायचे, म्हणजे दोनाचा चौथा घात, सोळा प्रकार. अमेरिकेतल्या कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इझाबेल मायर्स यांनी ही रचना केली. दोघींपैकी कोणीही मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. कॅथरीनबाई बरीच वर्षे माणसांचे स्वभाव टिपून ठेवत होत्या, त्यातच कार्ल युंग या स्विस मनोविकारतज्ज्ञाचा १९२१ सालचा ग्रंथ इंग्रजीत आला आणि त्यांना आपल्या टिपणांना हवी असलेली चौकट सापडली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इझाबेलबाईंनी, कोणत्या माणसाला कोणते काम मानवेल हे ठरवायला मदत व्हावी म्हणून, प्रश्नावली रचायला घेतली. ती छापून बाहेर आली १९६२ साली. तिला त्या ‘चाचणी’ म्हणत नसत, ‘सूचक’ म्हणत. हा फरक आमच्या प्रशिक्षकांच्या मात्र गावी नव्हता.

माझी अडचण अक्षर बदलल्याची नव्हती. जोडी म्हणजे नेमके काय, हेच मला समजले नव्हते. त्या विचारात असताना शाळेतले व्याकरण आठवले. द्वंद्व समासाचे तीन प्रकार आपण सर्वांनी घोकलेले आहेत. ‘आईवडील’चा विग्रह ‘आई आणि वडील’, तो इतरेतर. ‘खरेखोटे’चा विग्रह ‘खरे किंवा खोटे’, तो वैकल्पिक. ‘मीठभाकर’ म्हणजे मीठ, भाकर वगैरे, तो समाहार. वैकल्पिक द्वंद्वातली पदे बहुधा विरुद्ध अर्थाची असतात, हेही बाईंनी फळ्यावर लिहून दिले होते, आणि म्हणून विरुद्ध पदे दिसली की परीक्षेत आपला हात आपोआप ‘किंवा’कडे जात असे. प्रश्नावली भरतानाही हात तसाच जातो. युंगच्या मूळ मांडणीत मात्र या जोड्यांचा विग्रह ‘आणि’ असाच होतो, फक्त त्यातले एक पद उजेडात असते आणि दुसरे अंधारात.

‘द्वंद्व’ हा शब्द मी येथे ओढूनताणून आणलेला नाही. युंगच्या त्याच ग्रंथात विरोधी जोड्यांच्या भारतीय कल्पनेवर स्वतंत्र विवेचन आहे. त्यात तो ‘द्वंद्व’ हाच शब्द वापरतो आणि गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या ‘निर्द्वंद्वो नित्यसत्त्वस्थो’ या चरणापर्यंत येतो. तो भारतात आला १९३७च्या अखेरीस, म्हणजे हे वाचन त्याच्या कितीतरी आधीचे. त्याला या प्रश्नाकडे ढकलले ते फ्रॉइडशी झालेल्या फारकतीने. एकाच रुग्णाच्या दुखण्याचा फ्रॉइड एक अर्थ लावतो, त्याच्यापासून फुटून निघालेला मनोविश्लेषक अ‍ॅडलर दुसरा लावतो, आणि दोन्ही अर्थ लागू पडतात, हे कसे? युंगचे उत्तर असे की एकाची नजर बाहेरच्या वस्तूंवर आणि माणसांवर खिळलेली आहे, दुसऱ्याची पाहणाऱ्यावर. बहिर्मुख आणि अंतर्मुख ही जोडी अशी दोन विद्वानांच्या भांडणातून पुढे आली. लाजाळू आणि बडबड्या माणसांच्या पाहणीतून नव्हे.

या जोडीच्या बाबतीत मराठी मला जास्त शहाणी वाटते. एखादी वाईट बातमी ऐकून ‘सगळे अंतर्मुख झाले’ असे आपण सहज लिहितो. अंतर्मुख ‘होणे’ ही आपल्याकडे अवस्था आहे, ती कोणावरही येते आणि ओसरते. जो कोणात मिसळत नाही त्याच्यासाठी आपल्याकडे एकलकोंडा, घुमा, माणूसघाणा असे वेगळे आणि बरेच कमी सभ्य शब्द आहेत. हल्ली मात्र ‘मी इंट्रोव्हर्ट आहे’ हे वाक्य रक्तगट सांगावा तसे सांगितले जाते.

विचार आणि भावना या जोडीत सर्वांत मोठा घोटाळा आहे, आणि माझे अक्षर तिथेच घसरले असल्यामुळे मी तिच्याशी जास्त वेळ थांबले. भावना म्हटले की आपल्याला डोळ्यांतले पाणी आठवते. युंगच्या लेखी मात्र भावना म्हणजे भावनावेग नव्हे; एखाद्या गोष्टीची किंमत आपल्या लेखी किती, हे ठरवण्याची ती रीत आहे, आणि म्हणून तो तिला विचाराइतकेच विवेकाचे कार्य मानतो. आमच्या कोकणातल्या घराची वाटणी झाली तेव्हा मोठे काका कागद घेऊन बसले होते. किती वारस, कोणाचा हिस्सा किती, विहिरीकडची बाजू जास्त मोलाची म्हणून तिचे वेगळे गणित, असे सगळे त्यांनी ओळीत मांडले. आत्या म्हणाली, “माजघर धाकट्याला द्या. त्याचा सगळा जन्म तिथं गेलाय, बाकीचे मे महिन्यात आंबे खायला येणार.” काकांनी वर पाहिले आणि म्हणाले, “अक्का, ही वाटणी आहे, माया नव्हे.” मला आज वाटते की काका चुकले. आत्यासुद्धा वाटणीच करत होती, आणि तिचा आवाज काकांपेक्षा थंड होता. दोघांची मापे वेगळी होती. काय खरे आणि न्यायाचे हे तोलताना आपले कोण, परके कोण हे घटकाभर बाजूला ठेवावे लागते आणि उलटही तसेच, म्हणून ही दोन्ही कार्ये एका दमात चालत नाहीत. युंग त्यांना समोरासमोर बसवतो ते एवढ्यासाठी. पण शेवटी माजघर धाकट्या काकांना मिळाले आणि मोठ्या काकांच्या कागदावर त्याची भरपाईही चढली.

संवेदना आणि अंतःप्रज्ञा यांच्यात मी बरेच दिवस फसले होते. आई कधीही मीठ मोजून घालत नाही, म्हणून मी तिला अंतःप्रज्ञेच्या खात्यात टाकले होते. नीट पाहिल्यावर चूक लक्षात आली. तिचा अंदाज बोटांत आहे, वासात आहे, आमटीला कड येताना होणाऱ्या आवाजात आहे. तो चाळीस वर्षांच्या संवेदनेचा साठा आहे. अंतःप्रज्ञेचा नमुना म्हणजे माझी मावशी. आमटीचा पहिला घास घेतल्याबरोबर तिला पोळीभाजी केंद्र, त्याचे नाव आणि दुसरी शाखा दिसू लागते. मीठ कमी आहे हे तिच्या ध्यानात येत नाही.

चौथ्या जोडीवर फार लिहिण्यासारखे नाही. ती स्वतंत्र जोडी म्हणून या मायलेकींनी जोडली. आधीच्या कार्यांपैकी कोणते बाहेरच्या जगाकडे वळलेले आहे हे ओळखण्यासाठी तिची मुळात योजना होती, आणि व्यवहारात ती ‘बॅग आदल्या रात्री भरता की सकाळी’ एवढ्यावर येऊन थांबली आहे.

संख्याशास्त्राची हरकत सरळ आहे. माणसे खरोखर दोन प्रकारची असती, तर गुणांच्या आलेखाला दोन उंचवटे दिसायला हवे होते. प्रत्यक्षात बहुतेक माणसे मध्यावर गर्दी करतात आणि टोकांना विरळ होत जातात, जशी उंची. पाच फूट पाच इंचांवर रेघ ओढून वरचे सगळे उंच आणि खालचे सगळे बुटके ठरवले, तर रेघेच्या अल्याडपल्याडचे दोघे एकमेकांसारखे असूनही निरनिराळ्या जातीचे होतील. थोड्या आठवड्यांनी पुन्हा प्रश्नावली भरणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचे एखादे अक्षर बदलते, त्याचे कारण हेच. मॅक्रे आणि कोस्टा या संशोधकांनी १९८९ साली या चार जोड्या, व्यक्तिमत्त्व पाच पट्ट्यांवर मोजणाऱ्या पाच घटकांच्या प्रतिमानाशी ताडून पाहिल्या. चारही जोड्या त्यातल्या चार घटकांशी कमीअधिक जुळल्या, पण दोन पेट्यांत विभागलेले प्रकार म्हणून त्यांना आधार सापडला नाही. पाचवा घटक म्हणजे चिंतेकडे आणि अस्वस्थतेकडे असलेला कल. तो चार अक्षरांत कुठेच बसत नाही. समाहार द्वंद्वातल्या ‘वगैरे’सारखा तो बाहेर राहतो. कोणालाही दुखवायचे नाही असे ठरवून केलेल्या अहवालात त्याला जागा मिळणे कठीणच होते.

मोजायचेच असेल तर मी पट्टीवर विश्वास ठेवीन, पेटीवर नव्हे, आणि कोणाला नोकरीवर घ्यायचे हे या अक्षरांवरून ठरवू पाहणाऱ्याला तर ठाम नकार देईन. खुद्द युंगनेसुद्धा माणसांना अशा चिठ्ठ्या चिकटवण्याला दिवाणखान्यातला पोरखेळ म्हटले होते. तरी पट्टीवर एक गोष्ट दाखवता येत नाही. पट्टीवर एका टोकाकडे सरकले की दुसरे टोक फक्त लांब जाते. युंगचे म्हणणे असे की ते लांब जात नाही, खाली जाते, आणि तिथे न वापरल्यामुळे ओबडधोबड राहिलेले ते पद मधूनच वर येते. हे आकड्यांत सिद्ध झाले आहे असा माझा दावा नाही. मी ते आमच्या बाबांमध्ये पाहिले आहे, इतकेच. संवेदनेत बुडालेल्या माणसाची दाबलेली अंतःप्रज्ञा काळ्या शंकांचे रूप घेते, असे युंगने लिहिले आहे.

बाबा बँकेत होते. समोर दिसते, हाताला लागते, वहीत उतरते तेवढेच खरे मानणारा माणूस. गावाला निघताना ते सिलिंडरचा रेग्युलेटर स्वतः फिरवतात, बोटाने दाबून पाहतात, नळ बघतात, कुलूप तीनदा ओढतात. मग रिक्षा चौकात पोचली की त्यांचा चेहरा बदलतो. “काहीतरी राहिलंय,” ते म्हणतात, “आज मला काही ठीक वाटत नाही.” काय राहिले आहे ते सांगता येत नाही, पण स्फोट झालेला, शेजारच्या जोशीकाकू गॅलरीत ओरडत असलेल्या, असे सगळे त्यांना दिसत असते, एरवी कल्पना म्हणून ज्यांच्याकडे शोधून सापडणार नाही त्यांना. रिक्षा वळवावी लागते. ते तीन मजले चढून जातात, घाम पुसत खाली येतात आणि शेजारी बसतात.

“बंदच होता,” ते म्हणतात. पुढच्या सिग्नलपर्यंत ते गप्प असतात. मग आईकडे वळून, हलक्या आवाजात, “गाडी रद्दबिद्द तर झाली नसेल ना?”