वहिनींची सकाळ

"भाऊजी, तुमची सकाळ झाली. माझी तर आत्ता रात्र सुरू होते नं!"

नाइट ड्युटी करून वहिनी साडेसातला मानेवाड्याच्या घरी आल्या. तोंडाला दुपट्टा, डोळ्यांवर काळा गॉगल. मी गच्चीवर उन्हात उभा. स्टॅनफर्ड विद्यापीठातले मेंदूशास्त्रज्ञ अँड्र्यू ह्युबरमन यांचा २०२१ पासूनचा पॉडकास्ट मी रोज ऐकतो. उठल्यावर डोळ्यांना बाहेरचा उजेड मिळू द्या, हे ते वारंवार सांगतात. मी वरूनच ओरडलो होतो, "वहिनी, गॉगल काढा, दहा मिनिटं ऊन घ्या!"

डोळ्याच्या पडद्यातल्या काही पेशी उजेड टिपतात आणि मेंदूतल्या घड्याळाला कळवतात, दिवस उगवला. आता झोपायला निघालेल्या माणसाला हा निरोप कशाला? त्यांचा गॉगलच बरोबर होता.

त्यांच्या खिडकीला जुनी गोधडी खिळ्यांनी ठोकलेली आहे. इतकी वर्षं पाहतोय, कशासाठी ते कधी विचारलं नाही.

आमच्या ऑफिसात सगळेच हा पॉडकास्ट ऐकतात. चहा किती वाजता, झोप किती तास, एकमेकांना भरभरून सांगतो. समोरचा झोपतो कधी, हे मात्र कुणी विचारत नाही.

आज दुपारी कुकर लावला नाही. दाराची बेलही बंद ठेवली.

तुमच्या घरी रात्रपाळीला कोण जातं? दिवसा त्यांना झोपू देता का?