कचरा गेला कुठे?

"अरे, पण कचरा गेला कुठे?" भिंतीतल्या भोकाला कान लावत आईने विचारलं.

कॅनडातल्या मिसिसागाच्या घरात आज सेंट्रल व्हॅक्यूमची, म्हणजे घरभरचा कचरा भिंतीतल्या पाइपांतून गॅरेजमधल्या डब्यात ओढून नेणाऱ्या यंत्राची, नवी मोटर बसवली. गॅरेजमधलं जुनं धूड गेलं. भिंतीतले २ इंची पीव्हीसी पाइप तेच ठेवले.

तरी ओढ कमीच. शेवटी भिंतीतलं होज (लवचिक नळी) लावायचं तोंड उघडलं. लगेच मागच्या एल्बोत, म्हणजे पाइपाच्या वळणात, आडवी अडकलेली हेअरपिन, तिला केसांचा बोळा आणि लेगोचा एक पिवळा ठोकळा. लेक आता कॉलेजात आहे!

किती वर्षं आम्ही मोटरलाच शिव्या घालत होतो.

आई गॅरेजातला डबा बघून आली. "एवढी धूळ? आणि मी म्हणायचे, इथं धूळच नाही."

आत्ता ती केरसुणीने जिना झाडतेय. काय बोलणार?