कूलरच्या आवाजात सॅक्सोफोन

रूट कॅनालची दुसरी सिटिंग होती. नागपूरचं धरमपेठेतलं क्लिनिक, बाहेर मे महिना पेटलेला, आत एसी एवढा की मी ओढणी गुंडाळून बसलेली आणि तोंडात कापूस. वर कोपऱ्यात एक छोटासा स्पीकर होता आणि त्यातून काहीतरी वाजत होतं, म्हणजे ऐकू येत होतं पण मी ऐकत नव्हते, फरक कळतो ना. मग ड्रिल थांबलं, डॉक्टर म्हणाले चूळ भरा, आणि त्या मधल्या शांततेत एक सॅक्सोफोन असा काही हळूच वर चढला की मी ग्लास हातात घेऊन तशीच बसून राहिले. डॉक्टर म्हणाले, "दुखलं का?" मी बोटानं वर स्पीकर दाखवला. त्यांना वाटलं एसी कमी करायचाय, त्यांनी एसी कमी केला.

बिल भरताना काउंटरवर फोन काढून शझाम लावलं, ते गाणं ओळखणारं अ‍ॅप. ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनियर, अल्बम वाइनलाइट, १९८०. माझा अर्धा गाल बधिर होता आणि मी घरी येईपर्यंत स्कूटीवर हेल्मेटच्या आत तेच गुणगुणायचा प्रयत्न करत होते, जे बधिर ओठांनी अजिबात जमत नाही, करून बघू नका.

तर हे स्मूद जॅझ. नाव मला नंतर कळलं, आणि नाव कळल्यावर पहिली गोष्ट ही कळली की हे आवडणं फारसं इज्जतीचं काम नाहीये. माझी एक कॉलेजची मैत्रीण आहे पुण्यात, ती खरं जॅझ ऐकते, म्हणजे कोल्ट्रेन वगैरे, तिला उत्साहात फोन केला तर म्हणाली, "अगं हे जॅझ नाहीये, हे लिफ्टमधलं म्युझिक आहे, डेंटिस्टकडे लावतात ते." आता मी काय बोलणार, मला ते डेंटिस्टकडेच सापडलं होतं.

तिचं अगदीच चूक नाही म्हणा. हे संगीत मोठं झालं तेच रेडिओवर, ऑफिसात दुकानात दिवसभर मागे चालू राहावं म्हणून. लॉस एंजेलिसला १९८७ मध्ये 'द वेव्ह' नावाचं स्टेशन सुरू झालं, मग तसली स्टेशनं अमेरिकेत गावोगाव निघाली, आणि पुढं ती पटापट बंदही पडली, न्यूयॉर्कचं मोठं स्टेशन २००८ मध्ये गेलं. आपल्या बर्डीवरच्या कापडाच्या दुकानात विविध भारती चालू असायची ना, कोणी ऐकत नसायचं पण बंद केली की सगळे वर बघायचे, तसा प्रकार.

आणि केनी जी, ह्याच प्रकारातला दुसरा सॅक्सोफोनवाला, त्याच्याबद्दल मी वाद घालत नाही. त्याचा १९९२चा ब्रेथलेस अल्बम एकट्या अमेरिकेत १ कोटी २० लाख खपला असेल, चीनमध्ये त्याची 'गोइंग होम' ही धून दुकानं बंद व्हायच्या वेळी लावतात म्हणे लोक घरी जावेत म्हणून, सगळं कबूल, पण मला तो बासुंदीत वरून साखर घातल्यासारखा लागतो. लुई आर्मस्ट्राँगच्या जुन्या रेकॉर्डिंगवर त्यानं स्वतःचा सॅक्सोफोन चढवला तेव्हा गिटारवाला पॅट मेथेनी जाम भडकला होता, ते भडकणं वाचून मला मनापासून बरं वाटलं. पण म्हणून सगळंच टाकून द्यायचं का? ग्रोव्हर तसा नाही. त्याच्या सुरात साखर आहे पण दात आहेत. (रूट कॅनाल झालेल्या बाईनं असं बोलू नये, पण असो.)

त्याची गोष्ट पण मस्त आहे. १९७१ मध्ये हँक क्रॉफर्ड नावाचा नावाजलेला सॅक्सोफोनवाला रेकॉर्डिंगला येऊ शकला नाही, तर हा मागे वाजवणारा, ह्याला म्हटलं चल तूच उभा राहा, आणि तोच ह्याचा स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम झाला. बदलीवर आला आणि पर्मनंट झाला. आणि गेला तो डिसेंबर १९९९ मध्ये, न्यूयॉर्कला टीव्हीच्या एका कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग वाजवून झाल्यावर तिथंच कोसळला, फक्त ५६ वर्षांचा होता.

तर सापडलं, आता दुसऱ्यांना ऐकवायची खाज. ही खाज फार वाईट असते.

पहिला प्रयोग फॅमिली ग्रुपवर. ग्रोव्हरच्या वाइनलाइटमधल्याच 'जस्ट द टू ऑफ अस'ची लिंक टाकली, गायलंय बिल विदर्सनं, आणि वर लिहिलं की शांतपणे डोळे मिटून ऐका. गाणं सात मिनिटांचं आहे, मावशीचं "खूप छान" आणि जोडलेले हात चार सेकंदांत आले. खाली लगेच मामांनी टाकलेले संत्र्याच्या सालीचे फायदे. संपला विषय.

दुसरा प्रयोग समृद्धीवर. ताई-जिजाजींसोबत शिर्डीला निघालो होतो, पेन ड्राइव्ह मी भरून नेलेला, जॉर्ज बेन्सनचा १९७६चा ब्रीझिन लावला. तुम्हाला माहितीये समृद्धी कसा आहे, सरळ म्हणजे सरळ, वळण नाही, झाड नाही, गाव नाही, १२०ला गाडी लावली की काही होतच नाही. त्यावर बेन्सनची गिटार. वर्ध्याच्या थोडं पुढे जिजाजी म्हणाले, "हे बंद कर ना बाप्पा, झोप येऊन राहिली मला, सगळे डायरेक्ट साईबाबांपाशी जाऊ." मग शिर्डीपर्यंत नव्वदच्या दशकातली अल्ताफ राजा टाइप गाणी. त्यांचंही बरोबर होतं. हे संगीत समृद्धीसाठी नाही, हे मी अनुभवानं सांगते.

ह्या दोन्हीत माझी एकच चूक होती, मी "ऐका" म्हणाले. ऐका म्हटलं की माणूस परीक्षेला बसल्यासारखा बसतो, आणि हे परीक्षेला बसून ऐकायचं संगीतच नाहीये, मी स्वतः तरी कुठं ऐकायला बसले होते, मी दात कोरून घ्यायला बसले होते.

बाबांना मी काहीच म्हटलं नाही. बाबा रिटायर्ड, भजनी मंडळात पेटी वाजवतात, त्यांच्या मते संगीत वसंतराव देशपांड्यांपाशी सुरू होऊन तिथंच संपतं. मी फक्त रात्री जेवणं झाल्यावर छोटा ब्लूटूथ स्पीकर फ्रिजवर ठेवून द्यायचे आणि भांडी आवरायला लागायचे. आमच्याकडे मोठा लोखंडी कूलर आहे खिडकीला लावलेला, वाळ्याच्या ताट्यांचा, त्याच्या आवाजात बातम्यासुद्धा ओरडून ऐकाव्या लागतात. तीन-चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी बाबा म्हणाले, "हे कोण वाजवून राहिलं? मनोहारी सिंग का?" आरडीच्या गाण्यांत सॅक्सोफोन वाजवायचे ते मनोहारी सिंग. म्हणजे बघा, आपल्या वडलांच्या कानात सॅक्सोफोन आधीपासून बसलेला आहे, हिंदी सिनेमानं बसवलेला, आपल्याला वाटतं आपण अमेरिकेतून काही नवीन आणलं.

मग त्यांचं सुरू झालं. बेन्सन तोंडानं जे गातो तेच त्याच वेळी गिटारवर वाजवतो, सूर न् सूर, ते ऐकून म्हणाले, "हा आपलीच संगत आपणच करून राहिला, पेटीवाल्याचे पैसे वाचवले." एका तुकड्याला म्हणाले हा काफी आहे. मी म्हटलं बाबा ते लोक ह्याला डोरियन म्हणतात. पेटीवर वाजवून बघितलं तर सूर तेच, गंधार-निषाद कोमल, बाकी शुद्ध. "मग काफीच म्हणायला काय होतं त्यांना," म्हणाले.

एकदा तर पेटी काढून बसले आणि म्हणाले, "आपला कूलर पांढरी पाचमध्ये आहे." मला वाटलं उन्हाचा परिणाम. पण खरंच खालची पांढरी पाच दाबली की कूलरच्या घुंईशी जवळजवळ मिळत होती, कूलर किंचित चढा. ऑफिसात, मिहानला, एका इलेक्ट्रिकलच्या पोट्ट्याला विचारलं तर तो म्हणाला बरोबर आहे ना मॅडम, आपली लाईन ५० सायकलची, मोटर त्याच्या दुपटीनं गुणगुणते, सेकंदाला १००, आणि तुमचा तो पांढरी पाचचा सूर ९८चा. म्हणजे आमच्या घरी मार्च ते जून चोवीस तास तंबोरा चालू असतो आणि आम्ही त्यात पाणी भरत असतो.

पण ह्या तंबोऱ्यानं एक घोटाळा केला होता तो आम्हाला कळलाच नव्हता. मागच्या आठवड्यात रात्री साडेदहाला लाईट गेली. दिवसभर ४५ होतं, रात्री भिंती गरम. कूलरचं पातं घरघरत थांबलं आणि स्पीकर बॅटरीवरचा, तो चालूच, 'जस्ट द टू ऑफ अस' लागलेलं, अल्बममधलं लांब. आणि एकदम खालून काहीतरी वर आलं. महिनाभर आम्ही हे गाणं ऐकत होतो आणि त्याच्या खाली एक माणूस सतत बोलत होता हे ठाऊकच नव्हतं, कूलर त्याच्याच जागेवर बसला होता.

बाबा अंधारात म्हणाले, "हे कोण?"

"बेस गिटार, बाबा. मार्कस मिलर. तेव्हा एकवीस वर्षांचा होता."

"एकवीस?" मग बराच वेळ काही नाही. हातपंख्याचा आवाज, तोही तालात यायला लागला होता. मग मध्ये ते टणटण वाजणारं आलं, चकचकीत, थेंब पडल्यासारखं, बाबा म्हणाले, "जलतरंग?" मी म्हटलं नाही, स्टील पॅन, त्रिनिदादकडे तेलाच्या पिंपांपासून बनवतात, वरचा पत्रा ठोकून ठोकून त्यात सूर काढतात. "पिंपातून?" म्हणाले, आणि पंखा थांबला.

तेवढ्यात लाईट आली. ट्यूब फडफडली, फ्रिज दचकला, कूलर घर्र करून सुरू झाला आणि बेस पुन्हा बुडाला. बाबा घामानं ओलेचिंब, बनियन पाठीला चिकटलेली, उठले, खिडकीपाशी गेले आणि कूलरचं बटण बंद केलं.

"संपू दे आधी," म्हणाले.