सहा मुली पडल्या, नावं चारच लिहिली

मार्च २०२२ चा शेवटचा आठवडा. १२ ते १४ वयाच्या मुलांचं कोविड लसीकरण १६ मार्चला सुरू झालं होतं आणि आमच्या उपकेंद्राच्या वाट्याला जिल्हा परिषदेची एक शाळा आली होती. त्या सत्रात सहा मुलींना त्रास झाला. गावात अजूनही "लसीनं सहा पोरी पडल्या" असंच सांगतात. त्यातल्या दोघींना सुई लागलेलीच नव्हती. मी आरोग्य सेविका आहे. ही गोष्ट मी तेव्हापासून भेटेल त्याला सांगते आहे, तरी ती कुणाच्या गळी उतरलेली दिसत नाही. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहिते.

चार दिवस आधी पालक सभा घेतली. पालकांचे प्रश्न सरळ होते आणि अजिबात चुकीचे नव्हते. जानेवारीत ओमायक्रॉनमुळे शाळा बंद केल्या, २४ जानेवारीला पुन्हा उघडल्या, फेब्रुवारीत रुग्ण उतरले, मग आता लस कशाला? एक आई म्हणाली, "सिस्टर, आमचे दोन्ही डोस झालेत, तरी जानेवारीत घरदार तापानं आडवं होतं." मी सांगितलं, लागण पूर्ण थांबवणं ह्या लसींना जमत नाही, पण आजार गंभीर होण्याचं प्रमाण त्या कमी करतात. बारा वर्षांच्या मुलाला गंभीर करोना होण्याचा धोका मुळात कमीच असतो, हेही सांगितलं. प्रशिक्षणात हे वाक्य कुणी शिकवलं नव्हतं. पण ते लपवलं आणि लोकांना दुसरीकडून कळलं, की आपल्या बाकीच्या बोलण्यावरचाही विश्वास उडतो.

ह्या वयाला तेव्हा कॉर्बेव्हॅक्स ही लस होती. अर्धा मिलि, दंडाच्या स्नायूत, २८ दिवसांनी दुसरा डोस. १५ ते १८ वयाला कोव्हॅक्सिन होती. दोन्ही एकाच सत्रात ठेवायच्या नाहीत, कारण घाईत बाटली बदलायला एक क्षण पुरतो. आमच्या कॅरियरमध्ये, म्हणजे लस गार ठेवून न्यायच्या डब्यात, त्या दिवशी फक्त कॉर्बेव्हॅक्स होती. ह्या लसीत ॲल्युमिनियमचा क्षार असतो, ती गोठली की वाया जाते. म्हणून चारही आइसपॅक फ्रीझरमधून काढून बाहेर ठेवायचे, वरून घाम फुटू द्यायचा, कानाशी हलवून आत पाणी डुचमळल्याचा आवाज ऐकायचा आणि मगच कॅरियरमध्ये लावायचे. घाईत कडक बर्फाचे पॅक भरून निघणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना वाटतं, जितकं गार तितकं चांगलं. ह्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही, गाडी थांबली तर थांबू दे.

यादीत ६४ मुलं होती. तिघांना परत पाठवावं लागलं. लसीच्या नोंदणीचं कोविन पोर्टल जन्मवर्ष बघून २०१० चं मूल नोंदवून घ्यायचं, पण लस द्यायची ती त्या दिवशी १२ वर्षं पूर्ण असतील तरच, आणि ते बघायची जबाबदारी आमची. त्यामुळे शाळेचं जनरल रजिस्टर उघडून प्रत्येकाची जन्मतारीख मी बोट ठेवून वाचली. परत पाठवलेल्यांपैकी दोघांची तारीख १ जून होती. शाळेत नाव घालताना तारीख माहीत नसली की गुरुजी हीच तारीख लिहायचे, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. मूल खरं तर १२ चं असेलही, पण कागद तसं म्हणत नव्हता.

आता खोलीबद्दल सांगते, कारण माझ्या मते सगळं तिथेच बिघडलं. नियमाप्रमाणे तीन जागा लागतात: थांबायची, टोचायची आणि नंतर अर्धा तास बसवायची. शाळेने दोन वर्ग दिले होते. एका वर्गात नोंदणी ठरली, पण नेटवर्क फक्त व्हरांड्याच्या टोकाला येत होतं, म्हणून नोंदणी तिकडे गेली. पहिलं नाव पोर्टलवर चढायला ११ वाजून गेले. पत्र्याचं छप्पर, मार्चचं ऊन. आशाताईंनी विचारलं तर निम्म्याहून जास्त मुलं नुसता चहा पिऊन आलेली.

त्यात बाटलीचं गणित. एका बाटलीत वीस डोस, आणि उघडली की चार तासांत संपवायची. नेहमीच्या लसीकरणात पेंटाव्हॅलेंटची (बाळांच्या पाच रोगांवरच्या लसीची) उघडी बाटली नियम पाळून २८ दिवसांपर्यंत वापरता येते, त्यामुळे तिथे एक मूल आलं तरी हात अडखळत नाही. इथे मात्र बाटली फोडायची तर वीस मुलं नजरेसमोर हवीत, नाहीतर संध्याकाळी वेस्टेजचा जाब द्यायचा. ह्या एका धाकापायी मी वीस मुलं एकदम टोचण्याच्या वर्गात घेतली. भिंतीला लागून रांग. रांगेतल्या प्रत्येकाला माझं टेबल दिसत होतं, सुई दिसत होती, आणि टोचून झालेली मुलं त्याच वर्गात मागच्या बाकांवर बसलेली दिसत होती. ही चूक माझी आहे. पण ती चूक घडवणारं गणित मी मांडलेलं नाही.

पहिली बाटली नीट गेली. शेवटचे तीन-चार डोस ओढायला नेहमीच जड जातात, कारण एडी सिरिंजचा (एकदा वापरली की निकामी होणाऱ्या सिरिंजचा) दट्ट्या एकदाच मागे येतो, आधी हवा आत सोडायची सोय नाही, आणि बाटलीत पोकळी तयार होते. मोठ्यांच्या सत्रात ह्याचं काही वाटत नाही. इथे रांगेतली मुलं मला दट्ट्याशी झटापट करताना बघत होती.

दुसऱ्या बाटलीतले सात डोस झाले आणि मागच्या बाकावरची एक मुलगी घसरली. तिला लस देऊन चार-पाच मिनिटं झाली होती. पडल्या पडल्या तिचे हातपाय दोन-तीनदा झटकले गेले. साध्या चक्करेतही असे झटके येतात, मेंदूला क्षणभर रक्त कमी पडतं म्हणून. पण कुणीतरी ओरडलं, "फिट आली!" कुणी कांदा मागितला, एकानं चप्पल काढून तिच्या नाकाशी धरली. मी चप्पल बाजूला केली, तिला जमिनीवर आडवी केली, पाय दप्तरावर उंच ठेवले. चेहरा पांढराफटक, कपाळावर गार घाम, नाडी मंद. दीड-दोन मिनिटांत डोळे उघडून तिनं विचारलं, "काय झालं?"

तेवढ्यात रांगेतल्या दोघी पडल्या. ह्या त्या दोघी. त्यांची बाही वरही झालेली नव्हती. एकीच्या हातात नोंदणीची चिठ्ठी तशीच होती. आणि लगेच बाकावरच्या आणखी दोघी.

लस घेतल्यावरची चक्कर आणि ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी तीव्र ॲलर्जी, ह्यांत फरक करायला आम्हाला शिकवलेलं असतं, तो असा. चक्कर टोचण्याआधी, टोचताना किंवा लगेच काही मिनिटांत येते. ॲलर्जी टोचल्याशिवाय होत नाही, आणि बहुतेकदा अर्ध्या तासाच्या आत दिसते. चक्करेत त्वचा फिकट आणि घामेजलेली, ॲलर्जीत लाल, खाजरी, गांधी उठलेली, ओठ-पापण्या सुजलेल्या. चक्करेत नाडी मंद, ॲलर्जीत जलद आणि क्षीण. चक्कर आलेलं मूल आडवं केलं की सुधारतं, ॲलर्जीतलं नुसतं आडवं करून सुधारत नाही, श्वासात शिट्टी वाजते, आवाज घोगरा होतो. त्या पाचही जणी आडव्या केल्यावर सुधारल्या. आशाताईंकडे करोनात मिळालेला ऑक्सिमीटर होता, त्याचा फार उपयोग झाला.

सहावीचं तसं नव्हतं. लस घेऊन तिला बारा मिनिटं झाली होती. ती बसून होती, शुद्धीवर होती आणि म्हणत होती, "गळा आवळतोय." नाडी जलद. श्वास भराभर. मी किट उघडलं, ॲड्रिनलिनची, म्हणजे अशा तीव्र ॲलर्जीवरच्या इंजेक्शनची, कुपी फोडली, इन्सुलिनच्या ४० युनिटच्या सिरिंजमध्ये १२ युनिट म्हणजे ०.३ मिलि ओढलं. १२ ते १८ वयाचा डोस तेवढाच, मांडीच्या मध्यभागी बाहेरच्या बाजूला, स्नायूत. सिरिंज डाव्या हातात धरून मी तिला बघत राहिले. गांधी नाहीत. ओठ नेहमीसारखे. ऑक्सिजन ९९. रक्तदाब नीट. आवाज स्वच्छ. मग तिचे हात बघितले. मनगटं आत वळलेली, बोटं ताठ, एकमेकांना चिकटलेली, अंगठा तळव्यात, आणि ती सोडवत नव्हती. घाबरून फार जलद श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि हात असे वळतात. मी तिच्यासमोर बसले, माझ्याबरोबर श्वास सोड म्हणाले, चार आकड्यांत आत, सहा आकड्यांत बाहेर. तीन मिनिटांनी पहिलं बोट सुटलं.

ॲड्रिनलिन मी दिलं नाही. तालुक्याहून डॉक्टर चाळीस मिनिटांनी पोहोचले, तपासून म्हणाले, "बरोबर केलंत." पण प्रशिक्षणात सांगतात की ॲनाफिलॅक्सिसचा संशय असेल तर वाट बघू नका, द्या. उशिरा दिल्यानं जीव जातो, आणि उगाच दिल्यानं ह्या वयाच्या मुलाला सहसा थोडा वेळ धडधड आणि थरथर होते. गळा आवळतोय आणि नाडी जलद, एवढ्यावर संशय धरायला जागा होती. मी तीन मिनिटं हातांकडे बघून काढली. हात वळले नसते तर मी काय केलं असतं, ह्याचं उत्तर मला अजून देता येत नाही. नव्या सेविका विचारतात तेव्हा मी त्यांना "थांबा" असं सांगत नाही, "द्या" असंच सांगते.

डॉक्टरांनी सत्र पुन्हा सुरू करायला सांगितलं. उघडी बाटली मी शिल्लक १३ डोसांसह बाजूला काढली, बॅच नंबर लिहून शीतसाखळीतच ठेवली, कारण अशी घटना झाली की ती तपासणीसाठी जपायची असते. तिसरी बाटली फोडली. पण तोवर खिडकीतून कुणीतरी काढलेला व्हिडिओ गावभर फिरला होता आणि पालक येऊन मुलांना हाताला धरून नेत होते. आणखी आठच मुलं टोचली. एकूण ३५ डोस दिले, २५ वाया. दोन दिवसांनी फोन आला तो वेस्टेजबद्दल. मुली कशा आहेत, हे त्या फोनवर कुणी विचारलं नाही.

संध्याकाळी घटनेचा फॉर्म भरला. एकाच जागी, एकाच वेळी, एकाच लसीनंतर दोन किंवा जास्त जणांना त्रास झाला तर तो समूह म्हणून कळवायचा असतो. फॉर्ममध्ये लसीचं नाव, बॅच, डोस दिल्याची वेळ, लक्षणं सुरू झाल्याची वेळ असे रकाने. रांगेत पडलेल्या दोघींची डोसची वेळ काय लिहू? वरिष्ठांना फोन केला. उत्तर आलं, "लस दिलीच नाही तर ती लसीनंतरची घटना कशी? नावं घालू नका." नियमानं ते बरोबरच होतं. म्हणून कागदावर चार नावं गेली, गावाच्या तोंडी सहाच राहिली. लसीत दोष नव्हता, भीती एकीकडून दुसरीकडे गेली, ह्याचा सगळ्यात ठाम पुरावा त्या दोघी होत्या, आणि नेमक्या त्यांनाच कुठल्या रकान्यात जागा नव्हती. त्या दोघींची हकिगत, वेळेसकट, मी माझ्या कामाच्या डायरीत लिहून ठेवली.

दुसऱ्या डोसचं सत्र एप्रिलच्या शेवटी, त्याच शाळेत. तोवर १ एप्रिलपासून राज्यातले सगळे निर्बंध उठले होते, मास्कही ऐच्छिक झाला होता, आणि "आता कशाला" हा प्रश्न आणखी पक्का झाला होता. ह्या वेळी मांडणी मी ठरवली. सकाळी साडेआठला सुरुवात. मुख्याध्यापक सरांनी केळी आणि शेंगदाण्याचे लाडू आणवले, खाल्ल्याशिवाय कुणाला आत घ्यायचं नाही. पाच-पाच मुलं बाहेर झाडाखाली, एक मूल आत, टेबलाकडे पाठ करून खुर्ची, दाराला पडदा. टोचलं की दुसऱ्या दारानं बाहेर, सतरंजीवर, रांगेला दिसणार नाही अशा बाजूला. आधी डोसनंतर त्रास झालेल्या चौघींना सगळ्यात शेवटी, आडवं करून. डोस ओढताना मी मुलांकडे पाठ करत होते. एकही मूल पडलं नाही. बाटलीचं गणित तेच होतं, पण वीस मुलं झाडाखाली मोजली तरी ती मोजलेलीच असतात, हे मला महिनाभर उशिरा सुचलं.

हात वळलेली मुलगी आईबरोबर आली आणि आडवी होऊन डोस घेऊन गेली. रांगेत पडलेल्यांपैकी एकीनं पहिला डोस घेतला. दुसरीला तिच्या वडिलांनी फाटकाशीच थांबवलं. मी बाहेर जाऊन म्हणाले, "दादा, तिला त्या दिवशी सुई लागलेलीच नव्हती. उपाशीपोटी, घाबरून चक्कर आली होती."

"मग तसं लिहिलेला कागद दाखवा," ते म्हणाले. "सरकारी."

मी डायरी काढून ते पान उघडलं. तारीख, वेळ, मुलीचं नाव, "रांगेत असताना, डोस दिलेला नाही." त्यांनी ते सावकाश, दोनदा वाचलं आणि वही मिटून माझ्या हातात दिली.

"हे तर तुमचंच अक्षर आहे, सिस्टर."