नेरळला उतरलो, कर्जतला चढलो: चार नद्या, मधले माळ आणि ६२ किलोमीटर

नेरळ ते कर्जत लोकलने जेमतेम वीस मिनिटं. आम्हाला सायकलवरून साडेआठ तास लागले, कारण सरळ जायचंच नव्हतं. डिसेंबरचा पहिला रविवार, मी, माझा मेव्हणा आणि भाची. माझ्याकडे ग्रॅव्हल बाईक, म्हणजे कच्च्या रस्त्यांसाठीची सायकल, ४० एमएमचे ट्यूबलेस टायर. भाचीकडे तिची कॉलेजातली जुनी एमटीबी, म्हणजे माउंटन बाईक. मेव्हण्याकडे हायब्रिड, ३२चे टायर, आणि "होतं रे सगळं" हा आत्मविश्वास. त्याचं पुढे काय झालं ते येईलच.

आधी लोकलचं सांगतो, कारण बहुतेक जण तिथेच अडतात. दादरवरून पहाटेची कर्जत पकडली, लगेज तिकीट काढून सायकली मालडब्यात. पुढचं चाक काढून फ्रेमला बांधा आणि वरून जुनी चादर गुंडाळा, म्हणजे ग्रीस दुसऱ्याच्या टोपलीला लागत नाही आणि तुम्हाला शिव्या बसत नाहीत. पहाटे उलट्या दिशेला गर्दी नसते. दादरच्या पुलावर सायकल खांद्यावर घेऊन चढायची प्रॅक्टिस मात्र करून ठेवा, माझा अर्धा दम तिथेच गेला. रविवारचा मेगाब्लॉक आदल्या दिवशी बघून ठेवा. सकाळी जाताना सहसा त्रास नाही, पण दुपारी परतणार असाल तर गाड्यांचा सगळा गोंधळ असतो.

भिवपुरी रोडला उतरू नका हे पण सांगून ठेवतो. नाव ऐकून वाटतं की भिवपुरीचं पॉवरहाऊस तिथेच असेल. ते पार पूर्वेला, सह्याद्रीच्या पायथ्याशी. स्टेशनच्या नावात 'रोड' आलं की गाव लांब आहे असं समजायचं.

नेरळहून कळंबच्या रस्त्याला लागलो की थोड्याच वेळात दहिवलीचा पूल येतो, खाली उल्हास. पावसाळ्यात हाच पूल पाण्याखाली जातो आणि पलीकडच्या गावांचा संपर्क तुटतो, आता मात्र नदी शांत, वर धुक्याची पातळ साय आणि काठावर दोन म्हशी. पुलापर्यंत डांबर आहे, रिक्षा आणि दुधाच्या गाड्या सोडल्या तर ट्रॅफिक नाही. खरी मजा पलीकडे सुरू होते, कारण कळंबच्या आजूबाजूला भातखाचरांच्या वर जी वरकस जमीन आहे ना, जिथे पूर्वी नाचणी-वरी व्हायची आणि आता नुसतं गवत असतं, तिथे बैलगाडीच्या वाटांचं जाळं आहे. कमरेएवढं गवत, पिकून पार सोनेरी झालेलं, मधून मुरमाची लाल दोन चाकोऱ्यांची वाट. पश्चिमेला माथेरानची लांबलचक सपाट पाठ, पूर्वेला भीमाशंकरची भिंत आणि तिच्यापुढे पेठच्या किल्ल्याचा, म्हणजे कोथळीगडाचा, तो नरसाळं उपडं ठेवल्यासारखा सुळका. दिशा चुकायची भीती नाही. पेठ समोर दिसतोय तोवर तुम्ही बरोबर आहात, जीपीएस काहीही बोलो.

आणि जीपीएस बोलतोच. मी घरी बसून सॅटेलाइट फोटोवरून रूट आखला होता, झकास रेघ होती, दोन वाड्यांमधून जाणारी. प्रत्यक्षात ती रेघ एका फार्महाऊस प्लॉटिंगच्या कंपाउंडला जाऊन धडकली. लोखंडी गेट, आत सिमेंटचा रस्ता, रिकामे प्लॉट आणि एक वॉचमन दादा. तो बिचारा चांगला होता, म्हणाला पूर्वी इथून गाड्या जायच्या, आता शेठने बंद केलं. दीड किलोमीटर परत. असं दिवसात तीन वेळा झालं. कर्जत तालुक्यात सेकंड होम वाढतायत तसतशा या जुन्या वाटा मधेच कापल्या जातायत, आणि सॅटेलाइटचा फोटो जुना असेल तर त्यात गेट दिसत नाही. माझ्या रूटची फाइल कोणाला देत नाहीये ती याचसाठी. पुढच्या वर्षी ती खोटी ठरेल.

त्यापेक्षा विचारत जा, पण विचारताना प्रश्न नीट विचारा. पहिल्या वाडीत गवताचे भारे बांधणाऱ्या एका आजोबांना विचारलं, "आजोबा, ही वाट कशेळ्याला जाते का?" "जाते की." गेलो. वाट गेली बांधावरून, मग नाल्यात, मग सायकल डोक्यावर घेऊन करवंदीच्या जाळीतून. आजोबा खोटं बोलले नव्हते, ते रोज जातात तिथून. पायी. पुढच्या वाडीत भाचीने विचारलं, "मावशी, इथून बैलगाडी जाते का?" मावशी म्हणाल्या, "गाडी? गाडी नाय जायची, वरच्या अंगाने फिरून जा, आंब्याकडून." मस्त मुरमाचा रस्ता मिळाला, तीन किलोमीटर, एकही खड्डा नाही. तेव्हापासून दिवसभर एकच प्रश्न: बैलगाडी जाते का. जिथे बैलगाडी जाते तिथे ग्रॅव्हल बाईक जाते. जिथे फक्त मोटरसायकल जाते असं सांगतात तिथे मात्र जपून, पोरं कुठूनही काढतात ती.

पोश्री नदी ओलांडताना मी पडलो. फरशी पूल होता, वरून चार बोटं पाणी वाहत होतं, तळ दिसत होता, म्हटलं पेडल मारत निघून जाऊ. फरशीवर शेवाळ. पुढचं चाक सटकलं आणि मी कडेवर आपटलो, मोबाईल खिशात होता तो वाचला, ढोपर नाही वाचलं. काठावर कपडे धुणाऱ्या ताईंनी हसू दाबत सांगितलं की इथे सगळेच उतरून जातात, तुम्हीच पहिले. तेव्हा पाणी कितीही कमी असो, फरशीवरून चालत जा. सायकल प्रवाहाच्या वरच्या बाजूला नको, खालच्या बाजूला धरा, नाहीतर पाण्याने ढकलली की ती तुमच्याच पायात येते.

याच पोश्रीवर कुरुंगजवळ धरण व्हायचंय. पोशीर प्रकल्पाला २०२५मध्ये मंत्रिमंडळाची मान्यता मिळाली, पाणी मुंबई महानगरासाठी. म्हणजे आपल्याच नळासाठी. वाटेत चहाला थांबलो तिथे हाच विषय चालू होता. आम्ही मुंबईचे म्हटल्यावर एक काका म्हणाले, "मग काय, बघून घ्या आत्ताच." यावर काय बोलणार, चहा पिऊन निघालो.

आता मेव्हणा. कळंब ते कशेळे या टप्प्यात तीन पंक्चर. दोन बाभळीच्या काट्याने, एक दगडावर ट्यूब चिमटून. माझ्या टायरमध्ये पण काटे घुसले होते, संध्याकाळी मोजले तर चार, पण आतल्या सीलंटने, म्हणजे टायरमध्ये भरलेल्या चिकट द्रवाने, भोकं बुजवली, मला कळलंही नाही. ट्यूबलेस नसेल तर किमान रुंद टायर, दोन स्पेअर ट्यूब आणि पॅच किट, आणि काटा बाहेर काढल्याशिवाय नवी ट्यूब घालू नका. मेव्हण्याने हेच केलं, दुसरं पंक्चर त्याच काट्याचं. हवा मी पुढे ३२, मागे ३५ पीएसआय ठेवली होती, वजन माझं ७८ किलो. एमटीबीवाली भाची डांबरावर मागे पडायची आणि माळावर आम्हाला मागे टाकून गाणी म्हणत जायची. त्यामुळे फक्त या रूटसाठी लाखभराची सायकल घ्यायची गरज नाही, घरातली जुनी एमटीबी पुरते.

सगळ्यात वाईट सरफेस मातीचा नव्हताच. वाईट म्हणजे अर्धवट रस्ते, जिथे खडी पसरलीय आणि रोलर फिरलेलाच नाही. मुठीएवढे दगड, चाक कुठेही वळतं. अशा ठिकाणी बाजूच्या गवतातून गाड्यांनी पाडलेली वाट असते, ती शोधा.

कशेळे नाक्यावर मिसळ, वडे, पाणी, एटीएम, सगळं मिळतं, पुढे काही नाही म्हणून इथेच भरून घ्या. वाड्यांवर हापसे आहेत, पाणी गोड आहे, पण ऑनलाइन पेमेंटला नेटवर्क नसतं, सुटे पैसे ठेवा. कशेळ्याहून आंबिवलीकडे वळलो. कोथळीगडाच्या पायथ्याचं गाव, ट्रेकर लोकांना माहीत असतं. चिल्लार नदीच्या काठावर जुनी बौद्ध लेणी आहेत. लेणी छोटी, पण आत दुपारी गार असतं आणि समोर नदीचं वळण. आम्ही डबे तिथेच खाल्ले, अर्धा तास आडवे झालो. किल्ला पण करू म्हणणारा एक असतोच प्रत्येक ग्रुपमध्ये. करू नका, वेगळा दिवस काढा.

परतताना कशेळे-कर्जत मेन रोड टाळला. शहापूर-मुरबाड-कर्जत-खोपोली हायवेचा भाग आहे तो, डंपर जोरात येतात. पेज नदीच्या बाजूच्या गावांमधून कडावपर्यंत आलो, बाप्पाला बाहेरूनच नमस्कार केला. झोडणी चालू होती, रस्त्याच्या कडेला उडव्या रचलेल्या, हवेत भाताचा भुसा आणि तो वास. पेज बघून भाची म्हणाली, बाकीच्या नद्या आटत आल्यात मग हिला एवढं पाणी कसं? गंमत आहे ती. घाटावर मावळात आंध्रा नदीवर ठोकरवाडीचं धरण आहे, त्याचं पाणी पाइपातून खाली भिवपुरीच्या टाटांच्या वीजकेंद्रात येतं, १९२२पासून, आणि वीज करून झाली की पेजेत सोडतात, पेजेतून उल्हासात. खरं तर इंद्रायणी-भीमेतून बंगालच्या उपसागराला जायचं पाणी, ते कल्याण-डोंबिवलीचे नळ करत वसईच्या खाडीला येतं. हे छान आहे, पण याचाच धोका पण आहे. वीजनिर्मिती सुरू झाली की पेजेची पातळी वाढते, ऊन असलं तरी, आकाशात ढग नसला तरी. पात्रातल्या दगडांवर सायकली टाकून डुंबायला जाऊ नका, दरवर्षी पिकनिकवाले बुडतात या नद्यांमध्ये.

कधी जायचं: दिवाळीनंतर चिखल वाळला की जानेवारीअखेरपर्यंत. फेब्रुवारीपासून गवत कापून नाहीतर वणव्याने जळून माळ काळे पडतात, सावली नाही, अकरानंतर नुसती भट्टी. पावसाळ्यात ही माती टायर आणि ब्रेकमध्ये सिमेंटसारखी बसते. वेळ पहाटेची, कारण आम्ही नेरळला सातला निघून कर्जतला साडेतीनला पोचलो आणि त्यात दोन तास पंक्चर आणि गप्पांचे आहेत. संध्याकाळी पाचनंतर ट्रेकवाले सगळे कर्जतला जमतात, मालडब्यातसुद्धा जागा मिळत नाही.

एक राहिलं. कुसळं. त्या सोनेरी गवताची कुसळं सॉक्समध्ये, हातमोज्यात, बुटाच्या जिभेत, सगळीकडे घुसतात. लांब, घट्ट विणीचे सॉक्स घाला. परतीच्या गाडीत कर्जत ते ठाणे आम्ही तिघं ओळीने बसून कुसळं उपटत होतो, शेजारी भाजीच्या रिकाम्या पाट्या घेतलेल्या मावशी बघत होत्या, शेवटी न राहवून म्हणाल्या, "अशी नाय निघत, उलटे करून झाडा." निघाली. मेव्हण्याने तरी घरी जाऊन ते सॉक्स तसेच वॉशिंग मशीनमध्ये टाकले, आता त्याच्या अख्ख्या घराच्या टॉवेलांना कुसळं आहेत.