ॲडसेन्सचे डॉलर सोडवायला जुन्नरहून पुण्याला

ॲडसेन्सच्या, म्हणजे ब्लॉगवर जाहिराती लावून त्याचे पैसे देणाऱ्या गूगलच्या सेवेच्या खात्यात ‘पेमेंट पाठवले’ असं दिसतंय, पासबुकात मात्र खडखडाट, अशी तुमची गत असेल तर पुढचं वाचा. मी जुन्नरला राहते आणि आपल्या भागातल्या स्वयंपाकावर ब्लॉग लिहिते. मासवडीची कृती शोधत शोधत परदेशातली बरीच आपली माणसं तिथे येतात, आणि जाहिरातींचे पैसे खरे त्यांच्यामुळेच जमतात. पहिलं पेमेंट निघालं, महिना उलटला, तरी इथल्या शाखेत पत्ता नाही. शेवटी पुण्याला जाऊनच ते सुटलं.

आधी वेस्टर्न युनियनबद्दल, म्हणजे परदेशातून पाठवलेले पैसे दुकानातून रोख देणाऱ्या कंपनीबद्दल, कारण मला सगळ्यांनी तोच सल्ला दिला होता. पिवळ्या-काळ्या पाटीच्या दुकानात जायचं, दहा आकडी नंबर सांगायचा, ओळखपत्र दाखवायचं, नोटा मोजून घ्यायच्या. फिलिपिन्स आणि पाकिस्तानातल्या ब्लॉगरांनी ॲडसेन्सचे पैसे असे घेतलेले आहेत. आपल्याकडे ते जमत नाही, आणि त्यात दुकानदाराचा दोष नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे या वाटेनं फक्त घरगुती पैसे येऊ शकतात, म्हणजे परदेशातल्या माणसानं घरखर्चाला पाठवलेले, किंवा इथे फिरायला आलेल्या परदेशी पाहुण्याचे. एका वेळी २५०० डॉलरच्या आत, एका माणसाला वर्षात जास्तीत जास्त ३० वेळा, आणि रोख ५०,००० रुपयांपर्यंतच. धंद्याची कमाई यात बसत नाही. म्हणून भारतातल्या ब्लॉगरला गूगल वायर ट्रान्सफर करतं, बँकेतून बँकेत. तेव्हा दुकानाच्या पायऱ्या झिजवू नका.

ज्यांनी नुकतीच सुरुवात केली आहे त्यांच्यासाठी त्याआधीचे टप्पे थोडक्यात. कमाई १० डॉलरला पोचली की गूगल टपालानं सहा आकडी पिन पाठवतं. तो चार महिन्यांत खात्यात टाकला नाही तर जाहिराती बंद होतात. पत्त्यात ‘अमक्याच्या वाड्याशेजारी’ इंग्रजीत बिनधास्त लिहा, मोबाइल नंबर लिहा, आणि पोस्टमनला आधीच सांगून ठेवा. पाकीट इतकं साधं असतं की जाहिरातीचा कागद म्हणून कुणीही फेकून देईल. कराचा फॉर्म भरून ठेवा. मग १०० डॉलर जमले की पुढच्या महिन्यात २१ ते २६ तारखेच्या दरम्यान पेमेंट निघतं. बँकेचा तपशील बदलायचा असेल तर २० तारखेच्या आत.

खरी गोम आहे ती स्विफ्ट कोडमध्ये, म्हणजे परदेशातून पैसे पाठवताना लागणाऱ्या बँकेच्या ओळख-कोडमध्ये. आयएफएससी प्रत्येक शाखेला असतो, स्विफ्ट कोड नसतो. तालुक्याच्या गावातल्या सरकारी बँकेच्या शाखेत परकीय चलनाचं काम सहसा होत नाही. डॉलर येतात ते त्या बँकेच्या शहरातल्या मोठ्या शाखेत, आणि तिथून रुपये होऊन तुमच्या खात्यात. इथल्या साहेबांनी मला पुण्याच्या शाखेचा कोड दिला होता, तो बरोबरच होता. पण डॉलर तिथे पोचल्यावर कुणीतरी विचारणार की हे कसले पैसे, आणि त्याचं उत्तर दिल्याशिवाय ते पुढे सरकत नाहीत, हे कुणी सांगितलं नव्हतं.

आमच्या शाखेत चौकशीला गेले तेव्हा काउंटरवरच्या बाईंनी पहिलाच प्रश्न टाकला, “ताई, मुलगा कुठं असतो? अमेरिकेला का?” माझी मुलगी सातवीत आहे. मी म्हटलं, हे माझ्या लिखाणाचे पैसे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, स्क्रीनकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, “मग पुण्यालाच विचारा.” त्यांचं चुकलं असं म्हणणार नाही. या पट्ट्यात बाहेरून येणारा पैसा मुलाचा नाहीतर जावयाचाच असतो, सगळी यंत्रणा तेवढंच गृहीत धरून बसलेली. पण हाच प्रश्न पुढे पुण्यातही आडवा आला, म्हणून सांगते.

जाण्याआधी पुण्याच्या शाखेत फोन करा आणि ‘फॉरेक्स’ किंवा ‘इनवर्ड रेमिटन्स’ (परदेशातून आलेले पैसे) टेबल मागा. तुमच्या नावानं काही अडकलंय का ते फोनवर कळतं. न अडकलेल्या पैशासाठी ९०-९५ किलोमीटर जाण्यात अर्थ नाही. दुसरा आणि चौथा शनिवार बँका बंद. सोमवारी गर्दी फार, आणि डॉलर न्यूयॉर्कमार्गे येत असल्यानं तिकडच्या सुट्टीचाही फटका बसतो. मधला वार बघा.

सकाळची एसटी पकडा. बायकांना अर्धं तिकीट आहे, आधार कार्ड हाताशी ठेवा, तसंही ते बँकेत लागणारच. नारायणगाव, मंचर, खेड इथपर्यंत गाडी छान पळते, चाकणला सगळी हवा जाते. कंपन्यांच्या शिफ्टच्या वेळी चाकण चौक म्हणजे देवाक काळजी. पूर्वी गाडी थेट शिवाजीनगर स्टँडला जायची, २०१९ च्या शेवटी मेट्रोच्या कामासाठी स्टँड वाकडेवाडीला हलवला. जुन्या सवयीनं तिथून रिक्षा करू नका. त्याऐवजी नाशिक फाट्यालाच उतरा, तिथे मेट्रोचं स्टेशन आहे. स्वारगेटकडे जाणारी गाडी धरायची, सिव्हिल कोर्टला बदलायची, आणि वनाजहून येणाऱ्या गाडीनं रूबी हॉलला उतरायचं. सिव्हिल कोर्टला एक मार्ग खाली जमिनीत आणि दुसरा वर, त्यामुळे सरकत्या जिन्यांवर बराच वेळ जातो. गुडघे दुखत असतील तर लिफ्ट शोधा. मला जायचं होतं ती शाखा ढोले पाटील रोडच्या बाजूला, स्टेशनपासून चालत. तुमची बँक कॅम्पात किंवा डेक्कनला असेल तर हिशेब वेगळा.

शाखा उघडल्या उघडल्या पोचण्याची धडपड करू नका. डॉलरचा त्या दिवसाचा भाव टेबलावर यायला थोडा वेळ जातो, त्याआधी ते तुम्हाला बसवूनच ठेवतात. मात्र दुपारच्या जेवणाच्या आत काम लागलं पाहिजे, कारण उशिरा दिलेला कागद दुसऱ्या दिवसावर जातो.

टेबलावरच्या साहेबांनी माझा खाते क्रमांक टाकून, पैशाबरोबर बँकेला आलेल्या मेसेजची प्रिंट काढली. अर्ध्या पानाचा कागद, सगळा ठळक इंग्रजी अक्षरांत. पाठवणारा गूगल एशिया पॅसिफिक, सिंगापूर. म्हणजे कंपनी अमेरिकेची असली तरी आपला करार तिच्या सिंगापूरच्या उपकंपनीशी असतो. खाली माझं नाव, नुसतं नाव आणि आडनाव. बँकेच्या खात्यात मात्र मधे नवऱ्याचं नाव. साहेबांनी पेनाच्या टोकानं आधी त्या ओळीवर टकटक केलं, मग कोऱ्या फॉर्मवर. त्या फॉर्मच्या एका चौकोनात कुणीतरी पेन्सिलनं आधीच लिहून ठेवलं होतं: पी १३०१.

हा आकडा लक्षात ठेवा. परदेशातून आलेल्या प्रत्येक रकमेला रिझर्व्ह बँकेच्या यादीतला एक हेतूचा कोड लावावा लागतो. पी १३०१ म्हणजे परदेशातल्या भारतीयानं घरखर्चाला पाठवलेले पैसे. पुन्हा तोच अमेरिकेतला मुलगा! जाहिरातीसाठी पी १००७ आहे. मी तसं म्हटल्यावर साहेब म्हणाले, “मॅडम, काहीही टाकलं तरी पैसे तेवढेच येणार.” रक्कम तेवढीच येते, हे खरं. पण उद्या इन्कमटॅक्सवाल्यांनी विचारलं की हे घरचे पैसे पाठवणारा तुमचा नातेवाईक कोण, तर सिंगापूरच्या कंपनीला काय मामा म्हणणार आहात? मी शांतपणे ॲडसेन्सची पेमेंट पावती पुढे केली. त्यांनी ती नीट वाचली, पेन्सिलीचं खोडलं आणि १००७ घातलं. माणूस वाईट नव्हता. या टेबलावर निर्यातदारांच्या फायली येतात, ब्लॉगवाली बाई क्वचितच.

त्यामुळे कागद घरूनच घेऊन जा, तिथे झेरॉक्स शोधत फिरू नका. पॅन, आधार, पासबुकाचं पहिलं पान, ॲडसेन्समधली पेमेंट पावती आणि महिन्याचा कमाईचा तक्ता. ‘इनव्हॉइस कुठे आहे’ असं हमखास विचारतात. आपण गूगलला बिल पाठवत नाही, तेव्हा ॲडसेन्सच्या अटींची प्रिंट द्या आणि पावतीवरचा पेमेंट नंबर दाखवा, तेवढ्यावर भागतं. नावातल्या फरकासाठी माझ्याकडून साध्या कागदावर अर्ज घेतला, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची म्हणून. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी हे आधीच निस्तरावं. ॲडसेन्समध्ये नाव पासबुकाप्रमाणे अक्षर न् अक्षर टाका, इथे ‘मिसेस’ही नको. आणि एकच अर्ज असा द्या की यापुढे या कंपनीकडून येणारी प्रत्येक रक्कम पी १००७ खाली परस्पर जमा करावी. माझ्या मते सबंध खेपेत हाच कागद सर्वांत मोलाचा. याच्यामुळे पुढच्या महिन्यांची खेप वाचते.

आता कापाकापी. टीव्हीवर डॉलरचा जो भाव दाखवतात तो तुम्हाला मिळत नाही. बँक तिचा खरेदीचा भाव लावते, तो खाली असतो. त्यावर बँकेची फी, ती प्रत्येक बँकेची निराळी, आधी विचारून घ्या. मधल्या परदेशी बँकेनंही काही डॉलर कापले असतील तर मेसेजच्या प्रिंटवर ते दिसतं. शिवाय चलन बदलण्यावर जीएसटी. एक लाखाच्या आतल्या रकमेवर तो एक टक्क्यावर मोजतात, पण ती मोजायची रक्कम कमीत कमी २५० रुपये धरतात, म्हणजे १८ टक्क्यांनी किमान ४५ रुपये गेलेच. शंभर डॉलर आणले काय आणि अडीचशे आणले काय, हे ४५ आणि बँकेची ठरावीक फी तेवढीच. म्हणून दरमहा शंभर-शंभर आणण्यात शहाणपण नाही. ॲडसेन्समध्ये पेमेंट निघायला लागणारी किमान मर्यादा वाढवता येते, किंवा वर्षभरापर्यंत पेमेंट रोखून धरता येतं. मी मर्यादा वाढवून टाकली. ज्यांना पैसे दरमहा लागतात त्यांनी बँकाच ताडून पाहाव्यात, काही खाजगी बँकांत ही फी बरीच कमी असते.

उठण्याआधी ‘फिरा’ मागा, म्हणजे परदेशातून पैसे आल्याची बँकेची सूचना. हल्ली ती ईमेलवर येते, पण मागितल्याशिवाय येईलच असं नाही. त्यावर कोड कोणता छापलाय ते तिथेच वाचून घ्या. रिटर्न भरताना सीएला हीच लागते. जीएसटीचं म्हणाल तर उलाढाल २० लाखांच्या आत असणाऱ्या आपल्यासारख्यांना नोंदणीची घाई नाही, त्यापुढे गेलात तर सीएला फी देऊन विचारा.

माझे पैसे दुसऱ्या दिवशी दुपारी जमा झाले. परतीला वाकडेवाडीहून जुन्नरची गाडी असते, नाही मिळाली तर नाशिककडे जाणारी कोणतीही धरून नारायणगावला उतरा, तिथून पुढे जीपा मिळतात. चारच्या आत निघा, नाहीतर चाकणला पुन्हा सगळ्या शिफ्टची गाठ पडते.