बाबांचा रंधा

बाबा सुतार. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी खेळणी बघून मी हट्ट धरला की ते विकत आणायचे नाहीत. रात्री जेवणं आटोपली की पडवीत पांगाऱ्याचा तुकडा घेऊन बसायचे. पांगारा हलका, मऊ, पटाशीला त्रास देत नाही, म्हणून खेळण्यांना तोच. मला त्यांनी बैलगाडी केली होती. चाकं खरंच फिरायची, आणि एका बैलाचं शिंग मुद्दाम वाकडं, आमच्या ढवळ्यासारखं. अजून आहे माझ्याकडे.

दारं-खिडक्या मात्र फणसाच्या नाहीतर सागाच्या.

परवा त्यांची पेटी उघडली. रंध्याची मूठ त्यांच्या अंगठ्याच्या जागी खोलगट झालीय. माझा अंगठा तिथे बसत नाही. कोपऱ्यात बोटभर पेन्सिल सापडली, पटाशीने तासलेली. कानामागे असायची ती. मी पर्समध्ये ठेवलीय.